'हालू नका' म्हणणारे नाना

"हालू नका!"

घोडेगावच्या पेठेतून जाताना ही आरोळी कानावर आली की समजायचं, नानांच्या स्टुडिओत कुणीतरी फोटोला बसलंय. आरोळी इतकी दणदणीत की शेजारच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकही पिशवी धरलेला हात तसाच ठेवून थबकायचं. नवरानवरी असोत, निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार असो, नाहीतर अंगणवाडीच्या फॉर्मसाठी आईच्या कडेवर बसून आलेलं पोर असो, हुकूम एकच. पोर घाबरून भोकाड पसरायचं. मग नाना त्याच्या आईवर घसरायचे. "मी काय मारलं का त्याला? हालू नको म्हणालो फकस्त. माणसाची जातच तशी. हाल म्हणलं की हालत न्हाई, नको म्हणलं की बरोब्बर हालतो."

रघुनाथनाना मूळचे जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाचे. घर शेतकऱ्याचं, पण त्यांचं मन शेतात रमलं नाही. कॅमेरा गळ्यात अडकवून ते घोडेगावला आले आणि इथलेच झाले. उंच, काटकुळा माणूस, पांढरी मिशी, आणि पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर कायम वाळलेला चिखल. नवीन गिऱ्हाईक त्या गुडघ्यांकडे बघत राहायचं. फोटोवाल्याला चिखलात काय काम? काम असं, की स्टुडिओचं शटर उघडण्याआधी हा माणूस कुठल्यातरी ओढ्याकाठी पोटावर पडून चतुरांचे फोटो काढून आलेला असायचा. चतुर म्हणजे काडीसारख्या अंगाचा, चार पारदर्शक पंखांचा तो किडा, पाण्यावर घिरट्या घालणारा. आमच्याकडे पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात.

दुकानात सगळ्या तालुक्याला दरडावणारे नाना ओढ्यावर गेले की स्वतः हलायचे नाहीत. डास गालावर बसून रक्त पिऊन उडून जायचा, नाना डोळा कॅमेऱ्याला लावून तसेच. त्यांना जाऊन आता बरेच दिवस झाले. त्यांच्याविषयी शांतपणे लिहावं असं मी अनेकदा ठरवलं. ते मला जमत नाही. मला राग येतो, आणि तो झाकून लिहिलं तर ते नानांचं चित्र होणार नाही.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून. शिनोलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमची वाडी. भात आणि नाचणी करणारं घर, आणि त्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. फ्लॅश उडाला की माझे डोळे मिटायचे. पुन्हा, पुन्हा तेच. नानांचा आवाज चढत गेला. "अगं मी डोळं मीट म्हणतोय का उघड म्हणतोय? शिष्यवृत्ती आंधळ्याची काढायचीय का?" मला रडू फुटलं. तेव्हा त्यांनी भिंतीवरची एक फ्रेम उतरवली आणि कॅमेऱ्याच्या वर धरली. "ह्याच्याकडं बघ. ह्याला पापणीच न्हाई. जन्मल्यापासनं मरेपत्तोर डोळं उघडं."

ते एका चतुराचं तोंड होतं. आख्खं तोंड म्हणजे दोन हिरवे डोळे, त्यात हजार बारीक ठिपके, मधे दवाचा एक थेंब. मी बघतच राहिले आणि नानांनी बटण दाबलं. माझ्या पदवीच्या सगळ्या कागदांवर तोच फोटो आहे. त्यात माझे डोळे खऱ्यापेक्षा जरा मोठेच आलेत.

उठता उठता मी म्हणाले, "हे तर आमच्या म्हसडोहावर लई असतात."

नाना फ्रेम टांगायची थांबले. "कुठं म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला ते आमच्या दारात उभे होते. माझे वडील भांबावले. त्यांना वाटलं, पोरीनं फोटोत काही गडबड केली.

म्हसडोह आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला आहे. आहे म्हणायची सवय जात नाही. होता. ओढा एका खडकावरून उतरून जिथे पसरायचा, तिथे म्हशी बसायच्या. कडेला लव्हाळा, तळाला गुडघाभर गाळ, आणि चैत्र-वैशाखातही न आटणारं पाणी. परक्या माणसाला तिथे बघण्यासारखं काही दिसलं नसतं. नानांना दिसलं. लाल, निळे, पिवळ्या पट्ट्यांचे, पंखांच्या टोकाला काळा ठिपका असलेले. कपडे न बदलता ते पाण्यात शिरले आणि म्हशींच्या मधे बसले. म्हशींनी मान वळवून बघितलं आणि त्यांना आपल्यात घेतलं.

पुढे मी त्यांच्याच स्टुडिओत काम धरलं. सकाळी कॉलेज, दुपारी कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम. नाना मला 'मॅडम' म्हणायचे, ते टोमण्याने. मी लायब्ररीतल्या पुस्तकातून चतुरांची इंग्रजी नावं शोधून आणायचे. त्यांना ती नकोच असायची. "नाव कशाला पायजे? त्याचं आधार कार्ड काढायचंय का?" त्यांची स्वतःची नावं होती. अंगाने लालभडक नर, तो 'नवरदेव'. उगाच दुसऱ्यांना पिटाळणारा, तो 'सरपंच'. आमच्या वाडीच्या सरपंचांना हे कळलं, तेव्हा ते हसले होते. त्या काळात ते हसायचे.

ओढ्यावर नाना त्यांचा जुना कॅमेरा माझ्या हातात द्यायचे, आणि त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. चतुर काडीवर बसलेला असतो, आपण जवळ जातो, तो उडतो. कुणीही कॅमेरा खाली घेईल. नाना घेऊ द्यायचे नाहीत. "तसंच धर. तो येतो परत. त्याच काडीवर. जरा चक्कर मारून जाग्यावर येतो. आपली काडी सोडत न्हाई." आणि खरंच, तो यायचा. माझे कितीतरी फोटो असे थांबून मिळालेले आहेत. नाना पुढे म्हणायचे, "काडी तेवढी मोडू नका कुणी. बाकी त्याचं तो बघतो."

त्यांचा राग मात्र सगळ्यांना सोसत नसे. एकदा वाडीतल्या एका पोराने चतुराच्या शेपटीला दोरा बांधला होता आणि तो भिरभिरवत पळत होता. आमच्याकडे सगळ्यांनी लहानपणी हे केलं आहे. नानांनी पोराला धरलं, दोरा सोडवला, चतुर हातातच मेला होता. मग तोच दोरा त्यांनी पोराच्या कानाला बांधला आणि दुसरं टोक हातात धरून त्याला वाडीभर फिरवलं. "उड! उड की आता!" पोराची आई लाटणं घेऊन बाहेर आली. "ओ फोटोवाले, पोराचा कान उपटता का काय? एवढ्याशा किड्यासाठी?"

"किड्याला कान आसता तर त्याचाच धरला आसता बाई."

"तुमच्या घरी पोरं हायती का न्हाई?"

"हायती. तीबी आशीच हायती, म्हणून तर हितं येतो."

बायका हसल्या, पोराची आई पण हसली, पण वाडीतली पोरं त्यानंतर नानांच्या वाऱ्याला उभी राहिली नाहीत. मला ते बरं वाटलं नव्हतं. नाना चांगले होते, गोड नव्हते.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या शब्दावर फिरलं. स्टुडिओच्या मागे एक अंधारी खोली होती. फिल्मचे दिवस गेल्यावर तिथे फ्रेमा आणि मोडक्या खुर्च्या पडल्या होत्या, पण औषधांचा आंबूस वास अजून भिंतींना होता. नाना कधी खुशीत असले की तिथलं काम वर्णन करून सांगायचे. "डेव्हलप करायचं म्हंजे काय माहितीय का मॅडम? फिल्मवर फोटो आधीच आसतो. दिसत नसतो. औषधात टाकली की दिसायला लागतो. आपुन नवं काय घालायचं न्हाई. बरोबर वेळंला बाहेर काढायचं. लई येळ ठेवलं की सगळं काळं." डेव्हलप या शब्दाचा त्यांच्या लेखी एवढाच अर्थ होता. आयुष्यभर त्यांनी तो हाताने केला होता.

तालुक्यातल्या एका कार्यक्रमात नानांच्या चतुरांचं प्रदर्शन लागलं. मीच फोटो छापून, चिकटवून, खाली 'म्हसडोह' असं लिहून ते उभं केलं होतं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. गुडघे तेवढे नेहमीचेच. एक मोठे पुढारी आले, मागे त्यांची माणसं. ते त्या हिरव्या डोळ्यांसमोर थांबले.

"काय राव नाना, हे आसलं आपल्याकडं हाय? आमी तर टीव्हीवर बघतो."

"हाय ना साहेब. हिच्या वाडीत हाय."

"मग हा स्पॉट डेव्हलप करायला पायजे."

नानांचा चेहरा असा उजळला, तसा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी हात जोडले. "करा साहेब. लई उपकार होतील." घरी जाताना मला म्हणाले, "बघ, माणसाला कळलं. म्हणाला, डेव्हलप करू. म्हंजे जे हाय ते लोकांना दिसंल." मी पण खूश होते. रस्त्यावरचा कचरा उचलतील, दारूच्या बाटल्या टाकणाऱ्यांना अडवतील, एखादी पाटी लावतील. आम्हाला दोघांनाही याहून जास्त काही सुचलं नाही.

सगळ्यांत आधी जेसीबी आला. निरोप माझ्या भावाने फोनवर दिला. आम्ही पोहोचलो तेव्हा डोहाचं पाणी एका चराने काढून दिलं होतं आणि लोखंडी हात गाळ उपसून काठावर टाकत होता. लव्हाळा मुळासकट पडला होता. म्हशी लांब उभ्या राहून बघत होत्या. चतुराची पिलं गाळात वाढतात. पंख नसतात, चिखलाच्याच रंगाची असतात, कितीतरी दिवस पाण्याखाली राहतात आणि मग एका सकाळी काडीवर चढून, कातडी फाडून उडतात. त्या ढिगात ती शेकड्याने वळवळत होती. कावळे उतरले होते.

नाना ढिगात शिरले, गुडघ्यांवर बसले आणि हाताने चिखल चाळू लागले. एकेक पिलू उचलून बादलीत. मीही बसले. जेसीबीवाल्याने इंजिन हळू केलं.

"नाना, काय शोधताय? सोनं सांडलं का?"

"मशीन बंद कर."

"मला काय सांगता राव? गाळ काढायला सांगितला, मी काढतो. बंद केलं तर मालक मला बंद करंल."

"जरा वेळ थांब रे. हालू नको."

त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने तंबाखू मळायला घेतली आणि ती मळून, लावून, थुंकून होईपर्यंत मशीन थांबलं. तेवढ्यात जमली तेवढी पिलं आम्ही ओढ्याच्या खालच्या अंगाला, एका डबक्यात सोडली. परत आलो तोवर ढीग डंपरमध्ये भरून गेला होता.

नानांनी अर्ज केले, खेटे घातले. "पर्यावरणाचंच काम आहे की नाना," असं त्यांना सांगण्यात आलं. वाडीतही, सरपंचांसकट, कुणी त्यांच्या बाजूला नव्हतं. रस्ता डांबरी झाला होता, माझ्या चुलतभावाने भेळेच्या गाडीची जागा आधीच धरली होती. माझे वडील म्हणाले, "म्हशी बसायच्या तिथं, अजून काय व्हतं? पोरांना काम तरी मिळंल." पोरांना काम हवंच होतं. पण काम द्यायला तळाला सिमेंट ओतावं लागतं, हे कुणी ठरवलं? ज्यांनी ठरवलं त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. त्यांनी ती स्वतःच काळ्या दगडावर सोनेरी अक्षरात कोरून घेतली.

उद्घाटनाला रस्त्याच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला. 'चतुर पार्क'. फोटो नानांनी काढलेला, त्यांना विचारल्याशिवाय घेतलेला. पण पुढाऱ्यांचे चेहरे बसत नव्हते म्हणून चतुराचे पंख कापले होते. डाव्या पंखांच्या जागी एक चेहरा, उजव्या पंखांच्या जागी दुसरा, मधे नुसती काडी. नानांनी फ्लेक्स बांधणाऱ्याला विचारलं, "पंख कुठंयत?"

"नाना, साहेबांचं तोंड मोठं करायला सांगितलं. तुमचा किडा तर दिसतोय ना?"

आत निळ्या फरशीची टाकी, कारंजं, आणि सेल्फीसाठी सिमेंटचा चतुर. त्याच्या डोळ्यांना रंगाऱ्याने लांबलचक पापण्या काढल्या होत्या. नानांनी त्या पापण्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चतुर गेले पोरी. आता चतुर लोक येतील." त्या दिवशी त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

पाण्याच्या कडेला चौथऱ्यावर ती कोनशिला. वाचायला सोपं जावं म्हणून तिरकी, जवळजवळ आडवी बसवलेली, आरशासारखी पॉलिश केलेली. त्यावर आभाळ दिसायचं. आणि तिथेच ती मादी दिसली. चतुराची मादी पाण्यावरून उडत शेपटीचं टोक पाण्याला टेकवते आणि अंडी सोडते. चमकणारा काळा दगड तिला पाणी वाटला होता. ती कोरलेल्या नावांवर खाली यायची, टोक टेकवायची, उठायची, परत यायची. दगड उन्हाने तापलेला होता. अंडी त्या दगडावर पडत होती आणि वाळत होती.

नानांच्या गळ्यात कॅमेरा होता. मी म्हणाले, "नाना, काढा. ह्याचा फोटो काढा, लोकांना दाखवू." त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. ते पुढे झाले, खांद्यावरचा पंचा काढला आणि दगडावर झटकत ओरडू लागले.

"हाल! हाल तिथनं! पाणी न्हाई ते! हाल!"

आयुष्यभर सगळ्यांना हलू नका म्हणालेला माणूस असा ओरडत होता. ती बाजूला व्हायची आणि परत यायची. आपली जागा सोडत नव्हती, त्यांनीच मला शिकवलं होतं तसं. सिमेंटच्या चतुरापाशी फोटो काढणारी पोरंपोरी हसत होती. कुणीतरी नानांचा व्हिडिओ काढला. तो पुढे तालुकाभर फिरला, खाली हिंदी गाणं लावून.

मग नानांनी बांधकामातला एक विटेचा तुकडा उचलला आणि ते दगड घासू लागले. पार्कचे रखवालदार किसनदादा आमच्याच वाडीतले. ते धावत आले. "नाना, आवो काय करताय? साहेबांची नावं हायती त्याच्यावर!"

"नावाशी मला काय करायचंय? चमक काढतोय. चमक गेली की तिला पाणी वाटायचं न्हाई."

"माझी नोकरी जाईल ओ."

"तू हालू नको. तू काय बघितलं न्हाई."

पण बघणारे बाकीचे होतेच. नानांना बोलावून समज देण्यात आली. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, वयाकडे बघून सोडतो, वगैरे. त्यांच्या मुलाने त्यांच्या वतीने माफी मागितली आणि तेव्हापासून त्यांना स्टुडिओत एकटं सोडलं नाही. म्हसडोहाला तर नाहीच. त्या वर्षी उन्हाळ्यात ते झोपेत गेले. मी त्यांना शेवटचं बघायला गेले तेव्हा डोळे अर्धवट उघडे होते. त्यांच्या सुनेने ते मिटायचा प्रयत्न केला, मिटेनात. मला ते चुकीचं वाटलं नाही.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स पेठेत लागला. 'निसर्गप्रेमी, ज्येष्ठ छायाचित्रकार'. वर तेच पुढारी, हात जोडलेले. कोपऱ्यात तोच चतुर, तसाच पंख कापलेला. एकाच फाइलवरून छापला होता.

मी आता मंचरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. ही नोकरी, ही भाषा, थांबून बघायची सवय, यातलं पुष्कळसं मला त्या अंधाऱ्या खोलीच्या मालकाने दिलं. लोक म्हणतात, राग सोडा मॅडम, झालं गेलं. मी सोडलेला नाही. सुट्टीला वाडीवर गेले की मी पार्कात जाते. पिशवीत विटेचा तुकडा असतो. किसनदादा मला बघतात आणि म्हणतात, "मॅडम, मी जरा चहा पिऊन येतो." त्यांचा चहा बराच वेळ चालतो.

माझी नोकरी यात जाऊ शकते, हे मला माहीत आहे. दगड आता पुष्कळसा खरबरीत झालाय. सोनेरी रंग उडाला. उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते झालं ते वाचता येत नाही. गेल्या वेळी एक मादी आली, दगडावर वाकली, क्षणभर थांबली आणि टोक न टेकवता उठून खालच्या डबक्याकडे गेली. तिथे थोडा गाळ अजून आहे.

मी उठून हात झटकले. किसनदादा परत आले नव्हते. दगडाच्या एका कोपऱ्यात चमक बाकी होती. मी पुन्हा बसले.